खडीचा रस्ता कुणाचा?

2026 च्या जानेवारीत आमच्या मुळशी तालुक्यातून सायकलींची एक आंतरराष्ट्रीय शर्यत गेली. ‘पुणे ग्रँड टूर’ हे तिचं नाव. 19 ते 23 जानेवारी असे पाच दिवस, पुणे जिल्ह्यातले 437 किलोमीटर, आणि त्यातला एक टप्पा मुळशी-मावळचा. शर्यतीआधी त्या रस्त्यांवर नवं डांबर पडलं, खड्डे बुजले. त्या दिवशी शाळेच्या मुलांबरोबर आमच्या बचतगटातल्या बायकाही हातातली कामं टाकून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. पाखरांचा थवा जावा तसे सगळे सायकलवाले दोन मिनिटांत सर्रकन निघून गेले. मागच्या मोटारींचे भोंगे अजून ऐकू येत होते, तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीनं माझा हात ओढला. “ताई, यात बाई एकपण नव्हती का?”

नव्हती. ही शर्यत पुरुषांचीच होती, असं मी तिला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग आमच्या वाडीच्या वाटेचं काय झालं?”

या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला त्या क्षणी कळलं नाही. घरी येऊन विचार करत बसले तेव्हा वाटलं, संबंध आहे, आणि तो आपल्या अंकातून मांडायला हवा.

मी समाजकार्याची पदवी घेऊन या तालुक्यात आले त्याला आता दहा वर्षं होतील. वाड्या-वस्त्यांवर जायचं तर एसटीच्या भरवशावर भागत नाही, म्हणून पहिल्याच वर्षी एक जुनी लेडीज सायकल घेतली. पुढे बास्केट, मागे कॅरिअर, कॅरिअरला रबराच्या ट्यूबनं बांधलेली रजिस्टरं. तिच्यावरून मी नदीकाठच्या गाडीवाटा, बांधावरच्या पाणंदी आणि रानातून जाणारे मुरमाचे रस्ते पायाखाली घातले. उन्हाळ्यात जांभळा-करवंदांचा वास, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. ताम्हिणीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

अलीकडे याच वाटांवर दर रविवारी शहरातून सायकलवाले येतात. ‘ग्रॅव्हल रायडिंग’ म्हणतात त्याला. ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबरी रस्ता सोडून खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या रस्त्यावर लांब पल्ल्याची सायकल चालवायची. हा प्रकार अमेरिकेतल्या कॅन्ससकडच्या शेतरस्त्यांवर वाढला आणि 2022 साली इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यात बायकांचीही शर्यत होती. या सायकलीचं हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं असतं. टायर मात्र रुंद आणि दातेरी, म्हणजे खडीवर घसरत नाही. गिअर हलके असतात, चढावर दम टिकतो. मोटारसायकलीच्या किमतीत येईल अशी ही सायकल. पौडच्या पुढे मुळेचा काठ, मुळशी धरणाच्या पाण्याला वळसा घालणारे रस्ते, ताम्हिणीच्या रानाकडचे चढ... अशा वाटा त्यांना हव्या असतात. त्यांचं मला नवल वाटत नाही. मलाही त्या वाटा आवडतात.

या रविवारच्या मंडळींत आता बायकाही असतात, आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो. चाळिशी-पन्नाशीच्या, नोकरी करणाऱ्या, मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतलेल्या. एकदा ओढ्याच्या फरशीवर अशाच एका बाईंची चेन तुटली होती. मी थांबले, बोलणं झालं. त्या म्हणाल्या, “आठवड्यात हे चार तास असे आहेत की मला कुणी आई म्हणून हाक मारत नाही.” सायकलीनं बाईला काय दिलं याबद्दल अमेरिकेतल्या सुझन अँथनींनी 1896 साली एका मुलाखतीत म्हटलं होतं की बायकांच्या मुक्तीला सायकलीइतका हातभार जगात दुसऱ्या कशानं लावला नसेल. सव्वाशे वर्षांनंतर मुळशीच्या ओढ्यावर बसून एक बाई आपल्या शब्दांत तेच सांगत होती.

पण मैत्रिणींनो, त्याच ओढ्याच्या पलीकडच्या वाडीवर त्या मुलीचं घर आहे. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

वाडीपासून हायस्कूल डांबरी रस्त्यानं साडेपाच किलोमीटर आणि नदीकाठच्या वाटेनं तीन. डांबरी रस्त्यावर खडीचे डंपर आणि शनिवार-रविवारी धरणाकडे सुसाट जाणाऱ्या मोटारी. त्यामुळे वाडीतल्या मुली काठाच्या वाटेनं जात. वाट जुनी. खाचरात भात लावायला, गुरं पाण्यावर न्यायला, धुणं धुवायला याच वाटेनं पिढ्या गेल्या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काठाच्या जमिनी एकेक करून विकल्या गेल्या. सातबारा बदलला, तारेचं कुंपण आलं, आत बंगला आला. तरी कुंपणाच्या कडेनं हातभर वाट शिल्लक होती.

आमच्या तालुक्यातल्या जमीनविक्रीवर 2018 साली ‘मुळशी पॅटर्न’ नावाचा चित्रपट आला. जमीन गेल्यावर शेतकऱ्याच्या पोराचं काय होतं, हे त्यात सगळ्यांनी पाहिलं. पोरीचं काय झालं, ते अजून कुणी दाखवलेलं नाही. जमीन विकताना तिच्या आईची, आत्याची सही मात्र लागली होती. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. हा कायदा वाडीपर्यंत पोचला तो हक्कसोडपत्राच्या कागदावर अंगठा घेण्यापुरता. पैसे आले, दारात जीप आली, मुलाला मोटारसायकल आली. मुलीच्या वाट्याला कुंपणाच्या कडेची हातभर वाट.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

चार वर्षांपूर्वी आम्ही वर्गणी काढून पाच जुन्या सायकली दुरुस्त केल्या आणि वाडीतल्या मुलींना दिल्या. उत्साह मोठा होता. बिहार सरकारनं 2006 साली नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधलं अंतर 40 टक्क्यांनी कमी झालं, असं मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासातून दाखवलं आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत लाखभर बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या. शेतमजूर, नर्सेस, शिक्षिका, दगडखाणीत राबणाऱ्या बायका, सगळ्याजणी सायकलवर बसल्या. हे सगळं मी शिबिरांतून सांगत असे. आयांना म्हणाले, “पोरींना नदीच्या वाटेनं सायकलवर पाठवा, मी आहे.”

दोन महिन्यांनी त्यातली एक मुलगी संध्याकाळी एकटी येत होती. बंगल्यावर सुट्टीला आलेल्या तरुणांनी तिची वाट अडवली, सायकल ओढून घेतली, मोबाईलवर तिचे फोटो काढले. ती सायकल टाकून रानातून धावत घरी आली. शारीरिक इजा झाली नाही, असं सगळेजण समाधानानं म्हणत राहिले. तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी शाळेतून नाव काढलं. मी तक्रार देऊ म्हणाले, तर आई म्हणाली, “ताई, तुम्ही पौडला राहता. आम्हाला इथं राहायचंय.” पुढच्या वर्षी त्या मुलीचं लग्न झालं. तिचं वय मी इथं लिहीत नाही. तुम्हाला कल्पना येईल. ते लग्नही मला थांबवता आलं नाही.

मी सायकल दिली होती; वाटेचा विचार केला नव्हता. पुदुक्कोट्टैच्या बायका घोळक्यानं शिकल्या, घोळक्यानं रस्त्यावर आल्या. रस्त्यावर सायकल चालवणारी बाई ही रोजची गोष्ट होईपर्यंत त्या एकमेकींच्या सोबत होत्या. मी पाच सायकली वाटल्या आणि पाच मुलींना पाच ठिकाणी एकटं सोडलं. या चुकीला मी कुठलाच मुलामा देणार नाही.

त्यानंतर आम्ही काम उलट्या टोकानं सुरू केलं. आधी नकाशा काढला. वाडीच्या अंगणात रांगोळी, कोळसा आणि चिंचोके घेऊन बसलो. एका बाजूला पुरुषांना त्यांचा नकाशा काढायला सांगितला, दुसऱ्या बाजूला बायकांना आणि मुलींना. पुरुषांनी डांबरी रस्ता, देऊळ, शाळा, ग्रामपंचायत, धरण काढलं. बायकांनी रस्ता शेवटी काढला. आधी पाणवठा, सरपणाचं रान, उघड्यावर जावं लागतं ती जागा, सावलीचा आंबा. मग चिंचोके ठेवले, भीती वाटते तिथं. दारू पिणारे बसतात तो पूल. बंगल्याचा कुत्रा सुटा असतो ते फाटक. ऐनाच्या झाडांमधला एक पट्टा, जिथं दिवसाही अंधारून येतं आणि हाक मारली तर कुणाला ऐकू जात नाही. तीन किलोमीटरच्या वाटेवर अकरा चिंचोके होते. पुरुष उभे राहून बघत होते. एक आजोबा म्हणाले, “ही वाट आम्ही रोज चालतो. आम्हाला यातलं एकपण ठाऊक नव्हतं.”

मैत्रिणींनो, रानातल्या ज्या वाटेवर शहरातल्या माणसाला शांतता मिळते, तिच्यावर गावातली मुलगी श्वास रोखून चालते. रान तेच असतं. शहरातून येणारे दहाजणांच्या घोळक्यानं येतात, शिरस्त्राण घालतात, खिशात फोन असतो, मागे मोटार असते, आणि दुपारी परत जातात. मुलीला तिथून रोज दोनदा जायचं असतं, आणि एक दिवस काही झालं तर दोष तिचा असतो.

आणि आता त्या खडीबद्दल. हा शब्द मी ऐकते तेव्हा मला सायकल आठवत नाही, 1972 चा दुष्काळ आठवतो. मी त्यानंतर खूप वर्षांनी जन्मले. पण आजीनं सांगितलेलं कानात आहे. महाराष्ट्रभर रस्त्यांच्या कडेला बायका रांगेनं बसून खडी फोडत होत्या. हातोडीनं दगड, दगडानं बोट. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला, आणि त्या कामांवर बायका मोठ्या संख्येनं आल्या. पाच किलोमीटरच्या आत काम, कामावर पाळणाघर, हे त्या कायद्याचे शब्द बायकांच्या संघटनांनी मोर्चे काढून जिवंत ठेवले. गावोगावच्या रस्त्यांखाली बायकांच्या हाताची खडी आहे. ती अंथरल्यावर तिच्यावरून बैलगाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल सगळं गेलं. खडी फोडणारी बाई चालतच राहिली.

मुळशीला तर हा हिशोब आणखी जुना आहे. टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी मुळेवर धरण बांधायचं ठरलं, तेव्हा 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यातून सेनापती झाले. धरणांविरुद्धचा जगातला पहिला लढा, असं त्याला अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी म्हटलं आहे. त्यात बायकाही होत्या. धरण झालंच, गावं, शेतं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा पाण्याखाली गेल्या. आज सायकलवाले ज्या जलाशयाच्या कडेनं फिरतात, त्याच्या तळाशी कुणाच्या तरी माहेरची वाट आहे. हे सांगून कुणाचा रविवार खराब करायचा नाही. पण वाट हिरावली जाणं या तालुक्यातल्या बाईला नवं नाही, एवढं लक्षात असू द्यावं.

आता आमच्या वाडीची गोष्ट पुरी करते. दीड वर्षापूर्वी कुंपण आणखी पुढे सरकलं आणि उरलेली हातभर वाटही बंद झाली. यावेळी बायका गप्प बसल्या नाहीत. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 हा इंग्रजांच्या काळचा कायदा अजून चालू आहे. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर त्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अट एकच, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत बहुतेकांना माहीत नसते. आधी गावातली समजूत, मग जत्रा, मग निवडणूक, यात सहा महिने निघून जातात. तुमच्या गावात अशी वेळ आली तर एवढी एक गोष्ट विसरू नका.

अर्जावर सही कुणाची, हा पुढचा प्रश्न. सातबाऱ्यावर नावं पुरुषांची. 1990 च्या सुमाराला शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली, पण आमच्या वाडीवर ती लक्ष्मी पोचली नाही. पुरुष म्हणाले, बंगलेवाल्याशी वैर नको, आमच्यातले दोघं त्याच्याकडे माळीकाम करतात. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. शेवटी एका विधवा मावशींनी सही केली. नवऱ्यामागे त्यांच्या नावावर सोळा गुंठे खाचर लागलं होतं आणि त्या खाचराकडे तीच वाट जात होती. त्यांच्यामागे चौदा बायकांनी वहिवाटीचे जबाब दिले. कोण किती साली सून म्हणून आली, तेव्हापासून धुण्याला, लावणीला कुठून जाते. मंडळ अधिकाऱ्यांच्या स्थळपाहणीच्या दिवशी आमचा चिंचोक्यांचा नकाशा कागदावर उतरवून दिला. जुन्या वाटेची साक्ष मात्र मिळाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. ओढ्यावर चेन तुटलेल्या त्या बाईंच्या सायकलीवरच्या यंत्रात तीन वर्षांपूर्वीची त्यांची फेरी नोंदलेली होती, तारखेसह, आणि तिची रेघ आज जिथं कुंपण आहे तिथूनच गेली होती. त्यांनी ती छापून दिली आणि तारखेला रजा काढून पौडला हजर राहिल्या. मावशी मला हळूच म्हणाल्या, “बाई चांगली आहे गं. पण पैसे देऊन एवढं दमायचं कशाला, ते काय मला कळत नाही.”

तहसीलदारांनी अडथळा दूर करण्याचा हुकूम दिला. समोरच्यानं त्यावर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागितली आहे. तारखा पडत आहेत. दरम्यान तारांमध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट झाली आहे. सायकल उचलून पलीकडे द्यावी लागते. सात मुली रोज एकत्र निघतात, एक पलीकडे जाते, एक अलीकडून सायकली देते. पुलावर मोठ्या मुली आधी थांबतात, शेवटची येईपर्यंत कुणी पुढे जात नाही. मुरमावर चाकात हवा जरा कमी ठेवायची म्हणजे सायकल उडत नाही, हे त्या रविवारच्या बायकांकडून शिकल्या. पंक्चर काढायला मात्र त्यांनीच त्या बायकांना शिकवलं.

आपल्याकडे 1996 पासून ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास आहे, 2023 च्या मार्चपासून सर्व बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, मागास ठरवलेल्या 125 तालुक्यांत मुलींना सायकलसाठी पैसेही मिळतात. या सगळ्याचं स्वागत आहे. पण एसटी फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून घरापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर बाईचे पायी असतात, आणि मुलीची शाळा सुटते ती बहुतेकदा याच दोन-तीन किलोमीटरमध्ये. पिरंगुट-उरवड्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांचंही तेच. 2021 च्या जूनमध्ये उरवड्याच्या कारखान्याला आग लागली, त्यात गेलेल्या कामगारांत बहुसंख्य बायका होत्या. तेव्हा कारखान्यातल्या सुरक्षेची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण कामावरून सुटून अंधारात घरी जाणाऱ्या बाईच्या वाटेची चर्चा कुणी केल्याचं मला आठवत नाही.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. पाणंद रस्त्यांसाठी शासनाच्या योजना आहेत. त्यातून कुठली पाणंद आधी करायची हे ठरवताना महिला ग्रामसभेत नकाशा काढला जावा आणि मुली ज्या वाटेनं शाळेत जातात ती यादीत वर यावी. तिच्यावर डांबरच हवं असं नाही. दाबून बसवलेला मुरूम, ओढ्यावर साकव, अंधाऱ्या पट्ट्यात दोन दिवे एवढं पुरे. रविवारच्या सायकलवाल्यांना असाच रस्ता हवा असतो, तेव्हा त्यांनीही आमच्याबरोबर अर्जावर सही करावी. आणि पुढची शर्यत इथून गेली तर तिच्यात बायका असाव्यात. त्या आठवीतल्या मुलीला मी तसं कबूल केलं आहे.

ज्या मुलीचं नाव शाळेतून निघालं, ती गेल्या दिवाळीत माहेरी आली होती. कडेवर मूल होतं. कुंपणाच्या फटीतून सायकली पलीकडे देणाऱ्या मुलींना ती उभी राहून बघत होती. मी जवळ गेले. काय बोलावं सुचेना. तीच म्हणाली, “माझी सायकल कुणाकडं आहे, ताई?” मी सांगितलं, तुझ्या धाकट्या बहिणीकडे. ती बरं म्हणाली आणि घराकडे गेली.

तुमच्या गावातली, वस्तीतली मुलींची शाळेची वाट कशी आहे, ती कुणी अडवली आहे, कुणी मोकळी केली आहे, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. नकाशा काढून पाठवलात तर फारच चांगलं. पुढच्या अंकात जागा राखून ठेवत आहोत.

तुमची,
संपादक मंडळातील एक मैत्रीण